बॉक्सवरचा आकडा आणि बायोसमधला आकडा: रॅम ओव्हरक्लॉकिंगची पार्श्वभूमी

रॅम ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवायला, बसलेल्या नवख्याची पहिली गाठ पडते ती दोन न जुळणाऱ्या आकड्यांशी. बॉक्सवर ३६०० हा वेग छापलेला असतो आणि बायोस (संगणक सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) मात्र २१३३ दाखवतो. रॅम बिघडलेली नसते आणि मदरबोर्डही आपले काम चोख करत असतो. मग जास्तीचा वेग गेला कुठे? तो रॅमवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेला असतो आणि कोणीतरी येऊन चालू करण्याची वाट पाहत असतो. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणायचे की नाही, यावर मात्र आजही एकमत नाही.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लोक ओव्हरक्लॉक करत ते प्रोसेसर, आणि रॅम त्याच्यामागे फरफटत जाई, कारण दोघांचा ताल एकाच बसवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या मार्गाच्या वेगावर, ठरत असे. १९९८ मध्ये ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्त प्रोसेसर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालवून ४५० पर्यंत नेण्याचे वेड पसरले. त्यासाठी रॅम पीसी१०० (१०० मेगाहर्ट्झला चालणाऱ्या) दर्जाची हवी, एवढाच तिचा संबंध. ७५ किंवा ८३ सारख्या अधल्यामधल्या बसवर पीसीआयचा (कार्डे आणि डिस्क जोडणाऱ्या मार्गाचा) वेगही वर जाई आणि हार्ड डिस्कवरचा डेटा बिघडे.

डीडीआर (एका ठोक्याला दोनदा डेटा देणारी रॅम) आली आणि रॅम हा स्वतंत्र छंद झाला. पहिल्या पिढीत मानक व्होल्टेज २.५ च्या आसपास होते. पण बीएच-५ या चिप असलेल्या रॅमला हौशी लोक ३ व्होल्टच्याही वर नेत, वर पंखा लावत आणि २-२-२ असे घट्ट टायमिंग (रॅम किती ठोके थांबते ते आकडे) मिळवत. त्या काळी वेगापेक्षा टायमिंगची मिजास जास्त होती, आणि ती अगदीच फुकाची नव्हती. सीएल, म्हणजे टायमिंगमधला पहिला आकडा, त्याला २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागले की प्रत्यक्ष विलंब नॅनोसेकंदात मिळतो. डीडीआर-४०० सीएल२ चे उत्तर येते १०. डीडीआर४-३२०० सीएल१६ चे १०. डीडीआर५-६००० सीएल३० चेही १०. वेग पंधरा पटींनी वाढला, पण पहिला शब्द हाती यायला लागणारा वेळ चांगल्या रॅममध्ये जागच्या जागीच राहिला. नवीन रॅमचा सीएल मोठा दिसतो म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

वादाचे मूळ मात्र एसपीडीमध्ये आहे. रॅमच्या प्रत्येक मॉड्यूलवर (पट्टीवर) एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड ती वाचतो आणि रॅमला कोणता वेग, कोणते टायमिंग द्यायचे ते ठरवतो. तिथे उद्योगाने ठरवलेल्या मानकात बसणारे आकडेच लिहिले जात. जास्त वेगाची रॅम विकत घेणाऱ्याला ते सगळे आकडे हाताने भरावे लागत, आणि एक चुकला की स्क्रीन काळी. २००६ मध्ये डीडीआर२ साठी ईपीपी आले. एसपीडीतल्या रिकाम्या जागेत उत्पादकाचे स्वतःचे आकडे लिहिण्याची ती सोय होती. पुढच्याच वर्षी डीडीआर३ बरोबर एक्सएमपी ही इंटेलची तशीच सोय आली आणि तीच टिकली. बायोसमध्ये एक पर्याय निवडायचा, सेव्ह करायचे, संगणक पुन्हा सुरू करायचा. ज्या कामाला पूर्वी एक अख्खी रात्र जाई ते मिनिटभरात होऊ लागले.

इथेच गोम आहे. रॅमचा उत्पादक म्हणतो, हा वेग आम्ही तपासलेला आहे, त्यावर हमीही देतो. प्रोसेसरची कंपनी म्हणते, हे आमच्या ठरलेल्या मर्यादेबाहेरचे आहे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि त्यामुळे तुमची वॉरंटी जाऊ शकते. एक्सएमपीची कल्पना मुळात प्रोसेसरच्याच कंपनीकडून आलेली, हे लक्षात घेतले की या भूमिकेतला विनोद दिसतो. पण तिच्या बाजूने एक खरा तांत्रिक मुद्दा आहे. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, पूर्वी मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असे. २००३ मध्ये एएमडीने आणि २००८ मध्ये इंटेलने तो प्रोसेसरच्या आत नेला. तेव्हापासून रॅमला जास्त ताण दिला की तो थेट प्रोसेसरवर येतो. २००८ नंतर डीडीआर३ ला १.६५ व्होल्टच्या वर नेऊ नका, असा इशारा आला तो यामुळेच. त्याआधी १.८ किंवा २ व्होल्टची डीडीआर३ सर्रास विकली जात होती.

गुंता वाढतो तो एकाच आकड्याचे दोन अर्थ असल्यामुळे. ३२०० हा वेग डीडीआर४ च्या मानकातच आहे, पण तिथे तो १.२ व्होल्टवर आणि सीएल२२ च्या आसपासच्या ढिल्या टायमिंगसह येतो. बाजारातली ३२०० सीएल१६ रॅम १.३५ व्होल्ट घेते आणि एक्सएमपीशिवाय त्या वेगावर जात नाही. शिवाय डीडीआर४ चे सुरुवातीचे प्रोसेसर अधिकृतपणे २१३३ एवढ्यावरच थांबत. म्हणजे कागद तीन: मानकाचा, प्रोसेसरचा आणि रॅमच्या बॉक्सचा. कोणता कागद हातात धरता, त्यावर ओव्हरक्लॉकिंगची रेघ सरकते. माझे मत विचाराल तर एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, फक्त ते दुसऱ्याने करून दिलेले आहे. बॉक्सवर हे ठळक लिहायला हवे होते. अमेरिकेत ग्राहकांनी काही रॅम उत्पादकांवर याच कारणावरून खटले भरले आणि ते तडजोडीने मिटले.

२०१७ मध्ये एएमडीचा रायझन प्रोसेसर आला आणि या विषयाला नवा प्रेक्षक मिळाला. त्याचे आतले भाग जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या क्लॉकशी बांधलेली होती. रॅम हळू ठेवली तर सगळा प्रोसेसर आतून मंद, त्यामुळे ज्यांनी कधी बायोस उघडला नव्हता तेही एक्सएमपी शोधू लागले. २०१९ च्या पिढीत ३६०० ते ३७३३ पर्यंत फॅब्रिक रॅमच्या बरोबरीने चाले. त्यापुढे हे प्रमाण मोडे आणि विलंब उलट वाढे. जास्त आकडा म्हणजे जास्त वेग, हा समज तिथे पुरता उघडा पडला. याच सुमारास सॅमसंग बी-डाय चिपच्या रॅमला पूर्वीच्या बीएच-५ सारखीच मागणी होती. (इथले ३६०० म्हणजे मेगाहर्ट्झ नव्हे बरे का, क्लॉक १८०० आणि एका ठोक्याला दोनदा देवाणघेवाण. एमटी, म्हणजे मेगाट्रान्स्फर, प्रति सेकंद हेच खरे एकक. जुनी सवय मात्र सुटत नाही.)

डीडीआर५ मध्ये व्होल्टेजचे नियमन मॉड्यूलवरच आले आणि एक्सएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत वापरणाऱ्याला स्वतःचे दोन प्रोफाइल (आकड्यांचे संच) लिहून ठेवता येऊ लागले. २०२२ मध्ये रायझनसाठी एक्सपो हे वेगळे प्रोफाइल आले. मग २०२३ मध्ये एक्सपो चालू केलेले काही रायझन एक्स३डी प्रोसेसर जळाले. रॅमचे व्होल्टेज त्याला कारण नव्हते. काही मदरबोर्ड एक्सपोबरोबर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचे) गुपचूप फार वर नेत होते. नंतरच्या बायोसमध्ये त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. एका बटणामागे इतर किती गोष्टी हलतात, हे बहुतेकांना तेव्हाच कळले.

तीन कागदांची ती गोष्ट डीडीआर५ मध्येही तशीच चालू राहिली. मानकात ६४०० हा वेग २०२० पासून लिहिलेला होता. पहिल्या प्रोसेसरांनी अधिकृतपणे ४८०० दिला, मग ५६००, आणि २०२४ मध्ये मॉड्यूलवरच क्लॉक ड्रायव्हर असलेल्या सीयूडीआयएमएम रॅमसह ६४००. तीन वर्षे ज्या वेगाला ओव्हरक्लॉकिंग म्हटले गेले, तो एका नव्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात साध्या ओळीत छापून आला.