कॅसेटमधलं चक्रवाढ व्याज

सोसायटीतले एक शेजारी गेल्या रविवारी मोबाईल हातात घेऊनच वर आले. मुलाची दहावी झाली, त्याला माउंटन बाइक घ्यायचीये, दोन सायकलींचे फोटो काढून ठेवलेले. म्हणाले, "अहो, ही बघा २१ गिअरवाली आणि ही ९ गिअरवाली. नऊवालीच दुपटीनं महाग! कमी गिअरला जास्त पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न एकदम रास्त आहे, कारण सायकलच्या दांडीवर मोठ्या अक्षरात २१ छापलेलं असतं आणि कामाचं बाकी काहीच छापलेलं नसतं. मी जिन्यातच सांगायला लागलो, अर्धा तास बोललो, तरी मला सगळ्यात आवडणारा भाग राहूनच गेला, म्हणून आता नीट बसून लिहितोय.

गिअर म्हणजे शेवटी एक भागाकार. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते. पुढे ३२ आणि मागे १६ असतील तर उत्तर २, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक दोनदा फिरतं. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच ठरलेलं असतं, त्यामुळे चकतीचा व्यास वगैरे मोजायची गरजच नाही, नुसते दाते मोजले की काम झालं. उत्तर मोठं तर गिअर भारी, लहान तर हलका.

आता ती २१ गिअरवाली घ्या. अशा सायकलींना पुढे बरेचदा ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या असतात आणि मागे सात चकत्यांचं फ्रीव्हील, १४, १६, १८, २०, २२, २४, २८ असं. तीन साते एकवीस. पण जरा भागाकार करून बघा. ४२ ला २४ नं भागलं तर १.७५, ३४ ला २० नं भागलं तर १.७०, २४ ला १४ नं भागलं तर १.७१. तीन वेगळे गिअर म्हणून मोजलेत, पण पायाला तो एकच गिअर आहे! १.५ च्या आसपासही असेच तीन निघतात. मी कागदावर सगळे २१ मांडले आणि एकसारखे एकत्र केले तर १४ उरले. त्यातूनही पुढची मोठी आणि मागची मोठी, किंवा पुढची लहान आणि मागची लहान, अशा जोड्या वापरायच्या नसतात, चेन तिरकी धावते, घासते आणि लवकर झिजते.

म्हणजे गिअर किती हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते हे की सगळ्यात हलका केवढा, सगळ्यात भारी केवढा, आणि मधल्या पायऱ्या कशा आहेत. २१वालीचा पल्ला ०.८६ ते ३, म्हणजे साडेतीन पट. शेजाऱ्यांनी दाखवलेल्या ९वालीला पुढे एकच ३२ ची चकती आणि मागे ११ ते ४२ ची कॅसेट (मागच्या सगळ्या चकत्यांचा गठ्ठा), म्हणजे ०.७६ ते २.९१, जवळजवळ ३.८ पट. नऊ गिअरचा पल्ला एकवीसपेक्षा मोठा! चाकाचा फरकही धरू, कारण पहिली २६ इंची आहे आणि दुसरी २९. पायडलच्या एका फेऱ्यात हलक्या गिअरवर दोन्ही सायकली साधारण पावणेदोन मीटर जातात, भारी गिअरवर २१वाली ६.२ मीटर आणि ९वाली ६.६. एकवीस गिअर जिथून जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत नऊ गिअर पण पोचतात, आणि तेही एकाच शिफ्टरवर, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यावर.

हलका गिअर एवढा महत्त्वाचा का ते सांगतो. समजा तुम्ही ७५ किलोचे, सायकल १५ किलोची, आणि समोर ८ टक्के चढ आहे, म्हणजे १०० मीटर गेलं की ८ मीटर वर. साधारण फिट माणूस बराच वेळ १५० वॅट देऊ शकतो. एवढ्यावर तुमचा वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आत राहणार, आणि हा वेग गिअर ठरवत नाही, तुमची ताकद आणि गुरुत्वाकर्षण ठरवतं. गिअर फक्त एवढंच ठरवतो की हीच ताकद पायातून कशी काढायची. २१वालीवर ३४-२८ (पुढे ३४, मागे २८) लावला तर मिनिटाला ४३ फेरे पडतात आणि पायडलवर सरासरी २० किलोचा दाब द्यावा लागतो. २४-२८ लावला तर ६० फेरे आणि १४ किलो. २९ इंची चाकावर ३२-५१ असेल तर ७५ फेरे आणि साडेअकरा किलो. हे सरासरीचे आकडे झाले, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आडवा असतो त्या क्षणी दाब याच्या दुपटीच्या आसपास जातो. वीस किलोचे चाळीस होतात, तेही हजारो वेळा, आणि गुडघ्याला कळतं ते तेच.

"हलका गिअर म्हणजे चीटिंग, भारी गिअरवरच खरा व्यायाम" हे जिममध्ये, कट्ट्यावर सगळीकडे ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. ९० किलो वजन ५०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा कुठल्याही गिअरवर तेवढीच, साधारण ४४० किलोज्यूल, एकाही ज्यूलची सूट मिळत नाही. ही समजूत जुनी आहे, टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीतसुद्धा डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. तोपर्यंत रेसर घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या असायच्या.

आता माझा लाडका भाग. कुठलीही १२ गिअरची कॅसेट हातात घेऊन एकेक दातं बोटानं मोजा, बोटं काळी होतील पण मजा येते. १०-५१ ची कॅसेट अशी असते: १०, १२, १४, १६, १८, २१, २४, २८, ३३, ३९, ४५, ५१. सुरुवातीला दोन-दोन दात्यांनी वाढतेय, मग तीन, चार, पाच आणि शेवटी सहा-सहा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की मोठ्या बाजूला कंपनीनं ढिसाळ काम केलंय, एकदम सहा दात्यांची उडी. पण पायाला दाते कळतच नाहीत, पायाला टक्के कळतात. १० वरून १२ म्हणजे २० टक्के बदल, आणि ४५ वरून ५१ म्हणजे फक्त १३ टक्के. सहा दात्यांची उडी दोन दात्यांच्या उडीपेक्षा लहान आहे!

हे चक्रवाढ व्याज आहे. १० रुपये १६ टक्के चक्रवाढीनं ठेवा, ११ वर्षांनी किती होतात? ५१ रुपये. अगदी ५१. बारा चकत्या म्हणजे मध्ये अकरा पायऱ्या, प्रत्येक पायरीला साधारण १६ टक्के, कॅसेट बनवणाऱ्यानं हेच गणित लोखंडात कापलंय. दाते पूर्णांकच हवेत, साडेबारा दाते करता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात टक्केवारी १२ ते २० च्या मध्ये हलते, पण मूळ नकाशा चक्रवाढीचाच. हार्मोनियमच्या पट्ट्यांचंही तसंच आहे, प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या आधीच्या पट्टीपेक्षा ६ टक्क्यांच्या जरा आत वाढते आणि बारा पट्ट्यांनी दुप्पट होते, तरी कानाला सगळ्या पायऱ्या सारख्याच वाटतात, कारण कानही गुणोत्तर ऐकतो.

ही पायरी बिघडली की काय होतं ते पायाला लगेच कळतं. काही फ्रीव्हीलमध्ये १४ ते २४ नेहमीसारखं आणि मग शेवटची चकती एकदम ३४ ची असते. २४ वरून ३४ म्हणजे ४२ टक्के. माझ्या पहिल्या सायकलला हेच होतं. सिंहगडाच्या घाटात तीव्र वळणावर शेवटची चकती घेतली की पायाखालचा आधारच जायचा, पाय भराभर रिकामे फिरायचे, वेग पडायचा, आणि परत २४ वर आलं की दगड. मला हवा तो गिअर त्या दोघांच्या मध्ये होता आणि तिथे चकतीच नव्हती. मग मी डाव्या शिफ्टरनं पुढची चकती बदलायला जायचो, तेही चढावर, जोर लावलेला असताना, आणि एकदा चेन पुढच्या लहान चकतीवरून उतरून क्रँक आणि फ्रेमच्या मध्ये अशी अडकली की रस्त्याकडेला सायकल आडवी घालून वीस मिनिटं ओढत बसलो.

त्यात दोष मेकॅनिकचा नव्हता, रचनेचाच होता. चेनचा वरचा भाग ताणलेला असतो, पाय ओढतो तो तोच, आणि खालचा भाग सैल असतो. मागचा डिरेल्युअर सैल भागावर काम करतो म्हणून तो चेन अलगद सरकवतो. पुढचा डिरेल्युअर ताणलेल्या भागाला बाजूनं ढकलतो, म्हणजे नेमकी चढावर तुम्हाला त्याची गरज असते तेव्हाच त्याचं काम सगळ्यात अवघड. म्हणून माउंटन बाइकवाल्यांनी पुढचा डिरेल्युअर काढून टाकला. पण मग खडबडीत उतारावर चेन जागेवर धरणार कोण? तर दाते. चेनमध्ये एक कडी आतून अरुंद, पुढची रुंद, असं आलटून पालटून असतं. चकतीचे दातेही तसेच एक बारीक, एक जाड कापले की प्रत्येक दाता आपापल्या कडीत घट्ट बसतो. २०१२ मध्ये स्रॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीनं ११ गिअरचा असा सेट आणला आणि पुढे सगळे त्याच वाटेनं गेले. अशा चकत्या ३०, ३२, ३४ अशाच मिळतात, ३१ ची मिळत नाही, कारण दाते सम संख्येत नसतील तर एका फेऱ्यानंतर जाड दाता अरुंद कडीत येईल.

निवडताना मग खालून सुरुवात करा. तुम्ही खरोखर जाता तो सगळ्यात उभा चढ डोळ्यासमोर आणा आणि तिथे मिनिटाला ६० च्या वर फेरे पडतील का ते बघा. डांबरी घाट आणि अधूनमधून कच्चा रस्ता असेल तर ०.७५ च्या आसपासचा हलका गिअर पुष्कळ झाला. मुरुमाचे, दगडाचे चढ असतील तर ०.६५ किंवा त्याखाली. वरच्या टोकाची काळजी फार करू नका, ३२-११ वर ९० फेऱ्यांनी २९ इंची सायकल ताशी ३६ च्या आसपास जाते, कच्च्या रस्त्यावर त्याहून जोरात पायडल मारायची वेळ क्वचितच येते. आणि मागे ५२ ची भलीमोठी चकती घेतली की घाट आपोआप सोपा होतो अशी जी जाहिरात चालते तिच्यावरही जाऊ नका. फार हलक्या गिअरवर पायाचा छोटासा धक्काही चाकाला मोठा मिळतो, सुट्या खडीवर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, आणि वेग इतका पडतो की तोल सांभाळणं कठीण होतं.

अजून एक, महिनाभरात गिअर अडकायला लागले की घरात कुणीतरी नजर लागली म्हणतं आणि हँडलला लिंबू-मिरची येते. नवीन केबलचं आवरण सुरुवातीच्या दिवसांत दबून बसतं, ताण कमी होतो, एवढंच झालेलं असतं. शिफ्टरजवळचा किंवा डिरेल्युअरजवळचा छोटा स्क्रू केबलचा ताण वाढेल असा हातानं अर्धा फेरा फिरवा, चेन परत बरोबर बसते.

शेजाऱ्यांचा मुलगा काल संध्याकाळी वही घेऊन आला होता, त्यानं दोन्ही सायकलींचे भागाकार स्वतः केले होते आणि २१ मधले सारखे गिअर लाल पेननं खोडले होते. ९वाली घ्यायचं ठरलंय. त्याला मित्रांबरोबर कच्च्या वाटेनं डोंगर चढायचेत, म्हणून पुढे ३२ च्या जागी ३० ची चकती बसवली तर हलका गिअर ०.७१ पर्यंत येईल. फक्त बोल्टची जागा जुळायला हवी, ते विचारायला शनिवारी दुकानात जातोय.