थकीत पोटगीची वसुली (भारतीय कायदा)

घटस्फोटानंतर न्यायालयाने ठरवून दिलेली पोटगी वेळेवर न मिळाल्यास ती कायद्याच्या बळावर मिळवण्याची प्रक्रिया. न्यायालय आपणहून थकबाकीचा हिशेब ठेवत नाही की वॉरंट काढत नाही. पैसे थकले की अर्ज करावा लागतो, आणि पुन्हा थकले की पुन्हा करावा लागतो. आदेश कोणत्या कायद्याखाली झाला यावर वसुलीचा मार्ग ठरतो. पण व्यवहारात त्याहून निर्णायक प्रश्न असतो तो देणाऱ्याचा पैसा नेमका कुठे आहे हा. पगार, बँकेतली ठेव, शेतजमीन, भाड्याचे उत्पन्न यांचा ठावठिकाणा हाती नसेल तर उत्तम आदेशही फायलीत पडून राहतो.

आदेशाचे प्रकार

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ खाली दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी मिळते, तर कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी. ही दरमहा किंवा एकरकमी असू शकते. या कायद्यात पतीलाही पोटगी मागता येते. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये कायमस्वरूपी पोटगीची तरतूद कलम ३७ मध्ये आहे, पण ती फक्त पत्नीसाठी. दुसरा मोठा मार्ग फौजदारी प्रक्रियेतला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्री या कलमासाठी 'पत्नी'च मानली जाते आणि तिचा धर्म आड येत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले. शिवाय मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९८६ च्या कायद्यात थकबाकीसाठी एक वर्षापर्यंत कैदेची वेगळी तरतूद आहे.

फौजदारी मार्ग : वॉरंट आणि कैद

कलम १४४ खालचा आदेश मोडला की न्यायदंडाधिकारी किंवा कौटुंबिक न्यायालय दंडवसुलीच्या पद्धतीने वॉरंट काढू शकते. म्हणजे जंगम मालाची जप्ती व विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. एवढे करूनही रक्कम उरली तर थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या पोटगीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मधेच पैसे भरले तर सुटका होते.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. 'महिनाभर आत बसून आलो, आता देणे फिटले' असे बजावून सांगणारे पती असतात आणि ते खरे मानून गप्प बसणाऱ्या बायकाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकालात काढला : कैद हे पैसे वसूल करण्याचे साधन आहे, पैशाची परतफेड नव्हे. तुरुंगातून सुटल्यावरही पूर्ण थकबाकी तशीच उभी राहते.

दुसरी अडचण मुदतीची. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. समजा दरमहा दहा हजारांचा आदेश आहे आणि सलग चौदा महिने काहीच आले नाही. चौदावा हप्ता थकल्याबरोबर अर्ज केला, तरी सुरुवातीचे जे हप्ते देय होऊन वर्ष उलटले ते या मार्गातून निसटतात. 'देईल पुढच्या महिन्यात' या आशेवर थांबलेल्या माणसालाच याचा फटका बसतो, म्हणून दर काही महिन्यांनी अर्ज टाकत राहणे शहाणपणाचे. एकदा मुदतीत अर्ज केला आणि तो प्रलंबित असला, तर पुढे साचणारी रक्कमही त्यात मागता येते. मुदत गेलेले पैसे बुडाले असेही समजू नये. पूनगोडी विरुद्ध थंगवेल (२०१३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एक वर्षाची मर्यादा केवळ या वॉरंटच्या पद्धतीला आहे. मूळ हक्क संपत नाही आणि दिवाणी उपाय शिल्लक राहतो.

पती गाव सोडून गेला म्हणून आदेश निकामी होत नाही. तो जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडून आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते, आणि आदेशाची प्रत पोटगी घेणाऱ्याला विनाशुल्क मिळण्याचा हक्क आहे.

दिवाणी मार्ग : दरखास्त

हिंदू विवाह कायद्याखालचा पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे, म्हणजे दिवाणी दाव्यातल्या अंतिम निर्णयाप्रमाणे, अमलात आणता येतो (कलम २८ अ). कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १८ मध्येही तशीच सोय आहे. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 'आदेश २१' या प्रकरणाखाली दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतात. मुदत बारा वर्षांची, आणि मासिक पोटगीच्या बाबतीत ती प्रत्येक हप्ता चुकल्याच्या तारखेपासून मोजली जाते. फौजदारी मार्गाच्या तुलनेत ही मुदत किती ऐसपैस आहे हे सांगायला नको; तरीही जुनी दरखास्त म्हणजे हरवलेले पुरावे आणि विकून टाकलेली मालमत्ता, हे लक्षात ठेवावे.

देणारा नोकरदार असेल तर पगारजप्ती हा सर्वांत परिणामकारक उपाय. संहितेच्या कलम ६० नुसार साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एकतृतीयांश सुरक्षित. जप्तीसाठी धरला जाणारा पगार ४५,००० रुपये असेल, तर सावकाराला त्यातील १४,६६६ रुपयांपर्यंत हात घालता येतो आणि पोटगी घेणारीला ३०,००० पर्यंत. या एका फरकातून कायद्याचा कल कुठे आहे ते दिसते. जप्तीचा हुकूम पगार काढणाऱ्या अधिकाऱ्यावर किंवा खासगी मालकावर बजावला जातो. हुकूम डावलून पूर्ण पगार दिला तर ती रक्कम भरून देण्याची जबाबदारी मालकावरच येते. भविष्य निर्वाह निधीला मात्र जप्तीपासून कायद्याचे संरक्षण आहे.

मालमत्ता लपवली असल्याचा संशय असेल तर आदेश २१ च्या नियम ४१ खाली ऋणकोला (पैसे देणे लागणाऱ्याला) मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येते. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या निकालाने तर पोटगीच्या अर्जाच्या टप्प्यावरच दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. वसुलीच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो, कारण त्यात बँक खाती, विमा, जमीन, वाहन यांचे तपशील पतीने स्वतः शपथेवर लिहिलेले असतात. पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो, हेही त्याच निकालात नमूद आहे.

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी तुरुंगाचीही तरतूद आहे : पाच हजारांहून जास्त रकमेसाठी तीन महिन्यांपर्यंत. मात्र केवळ पैसे नाहीत म्हणून ती होत नाही. ऐपत असून टाळाटाळ केल्याचे किंवा वाईट हेतूने मालमत्ता हलवल्याचे दाखवावे लागते. शिवाय कैद्याच्या निर्वाहाचा भत्ता आधी हुकूमनामाधारकाने भरायचा असतो. जिच्या घरात पोटगीअभावी चूल पेटायची पंचाईत, तिनेच हा भत्ता भरायचा, ही अट पोटगीच्या प्रकरणांत अन्यायाची वाटते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला मात्र अटक करता येत नाही.

जमीन आणि बोजा

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली न्यायालय पोटगीचा बोजा, म्हणजे देण्याचा भार, पतीच्या स्थावर मालमत्तेवर ठेवू शकते. आदेश होतानाच ही मागणी करावी. महाराष्ट्रात असा बोजा सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात नोंदवून घेतला की जमीन घेऊ पाहणाऱ्याला तो दिसतो आणि 'आम्हाला ठाऊकच नव्हते' ही सबब उरत नाही. पोटगी टाळण्यासाठी जमीन भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिल्याची प्रकरणे येतात. अशा व्यवहाराला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ३९ व ५३ चा आधार घेऊन आव्हान देता येते.

इतर उपाय

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा, २००५ खाली आर्थिक मदतीचा आदेश झाला असेल तर कलम २०(६) नुसार न्यायदंडाधिकारी थेट पतीला नोकरी देणाऱ्या मालकाला किंवा पतीचे पैसे देणे लागणाऱ्याला ते परस्पर देण्यास सांगू शकतो. घटस्फोटाआधी झालेल्या हिंसेबद्दल घटस्फोटानंतरही या कायद्याखाली दाद मागता येते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात तडजोडीच्या अटींमध्ये पतीने न्यायालयाला लेखी हमी दिली असेल आणि ती जाणूनबुजून मोडली असेल, तर अवमानाची कारवाई शक्य असते. ती एक वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. हप्त्याने मिळणाऱ्या एकरकमी पोटगीत शेवटचे हप्ते बुडण्याचा धोका सर्वाधिक असल्यामुळे तडजोड लिहितानाच अशी हमी घालून घ्यावी.

पती परदेशात असेल तर वाट लांबते. त्याच्याविरुद्ध समन्स वा वॉरंट निघालेले असेल तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १०(३) खाली पासपोर्ट जप्तीची मागणी करता येते. मात्र भारतातली मालमत्ता, वडिलोपार्जित हिस्सा किंवा येथील बँक खाते असेल तर आधी त्यावर जप्ती मागणे अधिक फलदायी.

पतीचे बचाव

'माझे उत्पन्न घटले', 'तिला नोकरी लागली', 'तिने दुसरे लग्न केले' ही कारणे खरी असू शकतात. पण त्यांवरून पोटगी स्वतःच्या मनाने थांबवता येत नाही. त्यासाठी बदलाचा अर्ज करून आदेश फिरवून घ्यावा लागतो. वरच्या न्यायालयात अपील किंवा पुनरीक्षण दाखल केले म्हणजे वसुली थांबली असेही नाही. स्पष्ट स्थगिती नसेल तर दरखास्त पुढे चालते, आणि स्थगिती देताना न्यायालये बहुतेकदा थकबाकीचा काही भाग आधी भरायला लावतात.

वसुलीसाठी वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात, बहुधा न्यायालयाच्याच आवारात, करता येतो. सोबत आदेशाची प्रत, महिनावार थकबाकीचा तक्ता आणि पोटगी जमा होणाऱ्या खात्याचे पासबुक न्यावे.