गोठलेला पाइप फुटतो, पण बर्फ असतो तिथे नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत उणे २५ ही काही बातमी नसते, आणि नेमक्या अशाच आठवड्यात प्लंबर मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळण्यासारखं आहे. त्यामुळे इकडे राहणाऱ्याला थोडंफार पाइपांचं विज्ञान स्वतःच कळलेलं बरं. आणि ते शाळेत शिकलो त्यापेक्षा जरा वेगळं निघतं.

शाळेतलं सगळ्यांना पाठ आहे, पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, मग बर्फ आतून पाइपाला ढकलतो आणि पाइप फाटतो. ऐकायला एकदम पटतं. पण फुटलेला पाइप काढून बघा, चीर बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी असते, जिथे बर्फ झालाच नव्हता तिथे. कारण सरळ पाइपात बर्फ धरायला लागला की त्याला लांबीच्या दिशेने सरकायला जागा असते, भिंत फोडायची त्याला गरजच नसते. खरी भानगड होते ती बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याची. बुचाच्या मागचं पाणी निवांत मेन लाइनकडे मागे सरकतं, त्याला काही होत नाही. पुढच्या पाण्याला मात्र एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला बंद नळ, आणि बूच वाढतच चाललाय.

थोडा हिशोब करू. अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपात मीटरला साधारण दीडशे मिली पाणी मावतं. समजा एक मीटर गोठला, तर बर्फाला १३-१४ मिली जागा जास्तीची लागली. ही सगळी नळाच्या बाजूला ढकलली गेली आणि तिथे तीन मीटर पाइप भरलेला असेल, तर त्या साडेचारशे मिली पाण्याला ३ टक्के दाबून बसवायचंय. पाणी दबायला भयंकर नाखूष, १ टक्का दाबायचं तर वातावरणाच्या दोनशे पट दाब लागतो, म्हणजे ३ टक्क्यांना सहाशेच्या वर! घरातल्या नळाचा नेहमीचा दाब असतो वातावरणाच्या तीन ते पाच पट. प्रत्यक्षात पाइप थोडा फुगतो आणि दाब इतका चढायच्या आतच तांबं कुठेतरी फाटतं, जिथे कमजोर असेल तिथे.

आता थंडीत रात्री नळाची बारीक धार चालू ठेवा असं सगळे का सांगतात ते बघा. बहुतेकांना वाटतं वाहतं पाणी गोठत नाही म्हणून. थोडा फायदा तसा होतोही, पण थेंब थेंब गळणाऱ्या पाण्यात ऊष्णता असून असून किती असणार, कडक थंडीत पाइप तरीही गोठू शकतो. उघड्या नळाचा मोठा फायदा हा की बुचाच्या पुढे अडकलेल्या पाण्याला निसटायला वाट राहते, मग दाब चढतच नाही आणि पाइप गोठूनसुद्धा शाबूत राहतो. म्हणूनच रात्री धार आपोआप थांबलेली दिसली की झोपेत उठून नळ घट्ट बंद करू नका, तेव्हाच तर तो उघडा हवा. आणि गरम-गार दोन्ही बाजू उघड्या ठेवायच्या, दोन्हींचे पाइप वेगळे असतात.

गरम पाण्याचा पाइप कसा गोठेल असं वाटत असेल तर थांबा. १९१६ साली एफ. सी. ब्राऊन या भौतिकशास्त्रज्ञाने ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये याच विषयावर लिहिलं होतं, घरातले गरम पाण्याचे पाइप इतके वारंवार का फुटतात यावर. रात्रभर वापर नसला की दोन्ही पाइप सारखेच थंड होतात. पण एकदा उकळलेलं पाणी शून्याच्या खाली बरंच उतरलं तरी द्रवच राहायची शक्यता जास्त, आणि मग एकदम गोठतं तेव्हा भिंतीला धरून हळूहळू थर न जमता पाइपभर पिसांसारखा बर्फ पसरतो. पुढे सत्तरच्या दशकात कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात आर. आर. गिल्पिन यांनी या पिसांसारख्या बर्फाचा नीट अभ्यास केला. पाण्याचा थोडासाच भाग गोठलेला असतानाही हा बर्फ अख्खा पाइप तुंबवू शकतो. म्हणजे बूच बसायला पाइप पूर्ण गोठायची वाटसुद्धा बघावी लागत नाही.

किती थंडीत घाबरायचं? इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने नव्वदच्या दशकात प्रयोग करून २० फॅरेनहाइटचा आकडा दिला, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सिअस. हा आकडा मुख्यतः दक्षिणेकडच्या घरांसाठी, जिथे पाइप पोटमाळ्यावर उघडे टाकलेले असतात. मिनेसोटात घर बांधतानाच पाइप आतल्या भिंतीतून नेतात आणि रस्त्याखालची लाइन सात-आठ फूट खोल असते, त्यामुळे इथे उणे ७ ला कोणी ढुंकून बघत नाही. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला काय झालं ते डॅलस-ऑस्टिनकडच्या मराठी मंडळींना विचारा. डॅलसला पारा उणे १९ पर्यंत उतरला, ४५ लाखांच्या आसपास घरं-दुकानांची वीज गेली, हीटिंग बंद, आणि पाइप आणि गीझर दोन्ही पोटमाळ्यावर. बर्फ वितळायला लागला तशी छतं गळायला लागली, कारण चीर आधीच पडलेली असते, बूच आहे तोवर ती फक्त दिसत नाही.

बागेच्या नळाची गोष्ट तर अजून भारी. इकडचे फ्रॉस्ट-फ्री नळ बाहेरून साधेच दिसतात पण पाणी अडवणारी झडप एक फूटभर आत, घराच्या उबेत असते, बंद केला की मधला पाइप रिकामा होतो. फक्त होजपाइप लावलेला ठेवलात तर ते पाणी बाहेर निघतच नाही, आतल्या आत गोठतं आणि नळी भिंतीत फुटते. कळतं कधी, तर मे महिन्यात, झाडांना पाणी घालायला नळ उघडला की बेसमेंटमध्ये तळं.

आता गीझर, इकडे वॉटर हीटर. आपल्याकडच्या १५-२५ लिटरच्या गीझरपुढे हा राक्षस असतो, १५० ते १९० लिटर. मिनियापोलिसचं पाणी मिसिसिपी नदीतून येतं आणि जानेवारीत ते जेमतेम ३-४ अंशांवर घरात शिरतं. ४ वरून ४९ अंशांवर १५० लिटर न्यायला नेहमीच्या गॅस हीटरला जवळपास ५० मिनिटं लागतात, उन्हाळ्यात २० वरून सुरुवात असली की अर्ध्या तासात काम होतं. त्यामुळे हिवाळ्यात दुसऱ्याच्या आंघोळीला पाणी कोमट आलं की हीटर बिघडला म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलवायची घाई करू नका. टाकी नसलेल्या इन्स्टंट हीटरचंही तेच, फक्त तिथे वेळ वाढायच्या ऐवजी धार बारीक होते.

आणि इथेही पुन्हा तोच अडकलेल्या पाण्याचा प्रश्न, फक्त उलट्या टोकाने. ४ वरून ४९ वर जाताना पाणी सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर फुगतं, १५० लिटरला दीड-पावणेदोन लिटर. मेनवर पाणी मागे जाऊ न देणारी झडप असली तर ते जाणार कुठे? म्हणून हीटरजवळ रबरी पडदा असलेली छोटी एक्स्पान्शन टाकी लावतात, ती पडद्यापलीकडच्या हवेवर दाब झेलते. तिला बोटाने टकटक करा, वरून खालपर्यंत भरीव आवाज आला तर पडदा गेला समजा. शेवटचा रखवालदार म्हणजे टाकीवरची सेफ्टी झडप, १५० पीएसआय (वातावरणाच्या साधारण दहा पट दाब) किंवा ९९ अंश झालं की उघडते. ती अधूनमधून गळते म्हणून तोंडाला बूच मारणारे महाभाग आहेत, कृपा करून असं करू नका, दाब कशामुळे चढतोय ते शोधा. तळाला क्षार साठून टाकी पॉपकॉर्नसारखी फुटफुट करत असेल तर वर्षातून एकदा थोडं पाणी काढून टाका. आतली मॅग्नेशियमची कांडी स्वतः गंजून टाकीचं पोलाद वाचवते, ती काही वर्षांनी बदलायची असते, पण हे सहसा कोणी सांगत नाही.

हिमवादळानंतर गरम पाणी गेलं तर आधी बाहेर जाऊन हीटरच्या प्लास्टिकच्या धुराड्याचं तोंड बर्फाने बुजलंय का ते बघा, बऱ्याचदा सेन्सरने हीटर तेवढ्यासाठीच बंद केलेला असतो.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाणार असाल तर हीटिंग बंद करून पैसे वाचवायचा मोह होतो. ५५ फॅरेनहाइटच्या (साधारण १३ सेल्सिअस) खाली थर्मोस्टॅट नेऊ नका, मेनची चावी बंद करा, मग सगळ्यात खालचा आणि वरचा नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या, हीटर व्हेकेशनवर टाका. घरात बॉयलरने रेडिएटर तापत असतील किंवा आग विझवायचे स्प्रिंकलर असतील तर मात्र मेन बंद करण्याआधी प्लंबरला विचारा, आणि तो फोन नोव्हेंबरातच करा.