छतावरची पांढरी डबी: स्मोक अलार्म की स्मोक डिटेक्टर?

आईवडिलांसाठी वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर बघायला गेलं की खोल्या, संडास-बाथरूममधले दांडे, जेवण, डॉक्टरची फेरी हे सगळं विचारलं जातं. आगीबद्दल विचारलं तर व्यवस्थापक वर बोट दाखवतात. छताला पांढरी गोल डबी असते, आपलं समाधान होतं आणि विषय संपतो. पण ती डबी दोन अगदी वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही असू शकते आणि जिथे माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत, तिथे त्या दोघींतला फरक फार मोठा आहे.

धूर ओळखण्याचं तंत्र दोन्हींत सहसा एकच. आत एक बारीक प्रकाशझोत असतो, धुराचे कण आले की तो विखुरतो आणि सेन्सरला ते कळतं. यापुढे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात.

स्मोक अलार्ममध्ये सेन्सर, बॅटरी आणि भोंगा एकाच डबीत असतात. धूर आला की ती तिथल्या तिथे कर्कश ओरडते. बस्स. खाली रिसेप्शनला किंवा अग्निशमन दलाला ती काही कळवत नाही. काही मॉडेल एकमेकांना तारेने किंवा बिनतारी जोडता येतात, म्हणजे एक वाजली की सगळ्या वाजतात; तरी त्या ओरडण्यापलीकडे काही करत नाहीत. स्मोक डिटेक्टर मात्र बहुधा स्वतः ओरडतच नाही. तो तारेने फायर पॅनलला, म्हणजे इमारतीच्या आगीच्या यंत्रणेच्या नियंत्रण पेटीला, जोडलेला असतो आणि त्याचं काम पॅनलला खबर देणं. पुढचं पॅनल बघतं: हूटर वाजवणं, कोणत्या झोनमध्ये किंवा कोणत्या खोलीत धूर आहे ते दाखवणं, चुंबकाने उघडी धरलेली फायर डोअर सोडून देणं, एसीचे ब्लोअर बंद करणं, लिफ्ट खाली आणणं, आणि जिथे तशी जोडणी असेल तिथे बाहेर खबर पाठवणं. डिटेक्टर, हाताने दाबायचे लाल एमसीपी (मॅन्युअल कॉल पॉइंट), हूटर आणि पॅनल हे सगळं मिळून होते ती फायर अलार्म सिस्टिम.

थोडक्यात, अलार्म खोलीतल्या माणसाला उठवतो आणि सिस्टिम त्या माणसाला उचलून नेऊ शकेल अशा दुसऱ्या कोणाला तरी उठवते. निरोगी माणसाच्या घरात उठणारा आणि बाहेर नेणारा हे दोघं एकच असतात, म्हणून तिथे अलार्म पुरतो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या खोलीत ते एक नसतात.

हा फरक नियमांत कसा उमटतो ते अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. नर्सिंग होम म्हणजे तिथे वृद्ध आणि परावलंबी माणसं कायमची राहतात ती जागा. २००३ साली तिथे दोन मोठ्या आगी लागल्या. पहिली फेब्रुवारीत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला, दुसरी सप्टेंबरमध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलला. दोन्ही रात्रीच्या. दोन्हीकडे मिळून ३१ रहिवासी गेले. दोन्ही इमारती जुन्या, त्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना स्प्रिंकलर (आग लागली की छतातून आपोआप पाणी शिंपडणारे नळ) बसवण्याची सक्ती नव्हती आणि त्यांनी ते बसवलेही नव्हते. रहिवाशांच्या खोल्यांत स्मोक डिटेक्टरही नव्हते. खोलीत आग लागली तरी धूर बाहेर येईपर्यंत इमारतीच्या यंत्रणेला ती कळण्याचा मार्गच नव्हता. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं.

त्यानंतर २००५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याच्या मेडिकेअर विभागाने नियम काढला: रहिवाशांच्या झोपायच्या खोल्यांत आणि सामायिक जागांत निदान बॅटरीवरचे स्मोक अलार्म लावा आणि त्यांची तपासणी, देखभाल व बॅटरी बदलणं यांचा ठरलेला कार्यक्रम ठेवा. सवलत दोघांनाच होती. एक, ज्यांच्याकडे त्या जागांत पॅनलला तारेने जोडलेले डिटेक्टर आहेत ते. दुसरे, ज्यांची इमारत पूर्णपणे स्प्रिंकलरखाली आहे ते. सवलतींची ही यादीच बोलकी आहे. ज्याच्याकडे खरी यंत्रणा आहे त्याला डबी माफ. डबीच्या जोरावर यंत्रणा माफ झाल्याचं मात्र त्यात कुठेच नाही. डबी ही तात्पुरती सोय होती. पुढे २००८ चा नियम आला आणि १३ ऑगस्ट २०१३ पर्यंत सगळ्या नर्सिंग होमना स्प्रिंकलर बंधनकारक झाले.

आता आवाजाकडे येऊ. माझ्या मते वृद्धांच्या जागेत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. घरगुती स्मोक अलार्मचा भोंगा साधारण ३००० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत वाजतो. वय वाढलं की कान सर्वांत आधी गमावतात ती हीच उंच पट्टी. श्रवणयंत्र रात्री काढून टेबलावर ठेवलेलं, त्यात झोपेची गोळी घेतलेली. शेजारच्या खोलीतल्या तरुणाला कान झाकावेसे वाटतील अशा आवाजात आजी शांत झोपून राहू शकतात. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय फायर अलार्म संहितेने झोपायच्या खोल्यांसाठी ५२० हर्ट्‌झचा, खर्जातला सूर आणला. प्रयोगांत ज्येष्ठांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना हा सूर जास्त खात्रीने जागं करतो असं दिसलं.

पण नर्सिंग होममध्ये पुढचा प्रश्न उभा राहतो: जागं करून करायचं काय? घाबरलेली, स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती भोंगा ऐकून धुराच्याच दिशेने चालू लागू शकते, किंवा पलंगावरून पडू शकते. त्यामुळे अशा इमारतींचा विचारच वेगळा असतो. सगळ्यांना जिन्याने खाली पळवायचं नाही. आग लागलेल्या खोलीतून माणूस काढायचा, दार लावायचं आणि त्या भागातल्या बाकीच्यांना धूर अडवणाऱ्या भिंतीपलीकडे त्याच मजल्यावर सरकवायचं. हे काम कर्मचाऱ्यांचं. म्हणून इशाराही मुख्यतः कर्मचाऱ्यांपर्यंत पोचला पाहिजे आणि त्यात जागा नेमकी कळली पाहिजे. 'कुठेतरी वाजतंय' एवढ्यावर रात्रपाळीच्या दोन आया बारा दारं उघडत बसल्या तर मौल्यवान मिनिटं तिथेच जातात. भोंगा वाजवणारी डबी बंद दारामागे असेल आणि नर्सची जागा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर तो आवाज पोचेलच असंही नाही.

अमेरिकेत २०१६ पासून नर्सिंग होमना लागू असलेल्या जीवसुरक्षा संहितेत हा विचार बारीकसारीक कलमांत दिसतो. इशारा अग्निशमन दलाकडे आपोआप गेला पाहिजे. अलार्म सिस्टिम २४ तासांत ४ तासांहून जास्त बंद राहणार असेल तर प्रशासनाला कळवायचं आणि इमारत रिकामी करायची, नाहीतर माणसं नेमून पहारा ठेवायचा. सराव दर तिमाहीला प्रत्येक पाळीत, म्हणजे रात्रपाळीतही. फक्त रात्री ९ ते पहाटे ६ मध्ये भोंग्याऐवजी सांकेतिक घोषणा चालते, म्हणजे रहिवाशांची झोपमोड होत नाही. बॅटरीच्या डबीला यातलं एकही कलम लावता येत नाही.

देखभालीतला फरकही इथेच दिसतो. अलार्मची बॅटरी संपत आली की तो टिक-टिक करतो, वैतागून कोणीतरी बॅटरी काढून ठेवतो आणि त्याची कुठेही नोंद राहत नाही. डबी छताला तशीच चिकटलेली, तपासणीच्या यादीतला टिकमार्क तसाच. डिटेक्टर त्याच्या बैठकीतून काढला किंवा तार तुटली, तर पॅनलवर फॉल्टचा दिवा लागतो. अर्थात दिवा लागला म्हणजे कोणी पाहिलाच असं नाही. बझर सायलेन्स करून महिनोन्‌महिने पिवळा दिवा जळत ठेवण्याची सवय आपल्याला चांगली परिचयाची आहे.

महाराष्ट्रात याचं कायद्याचं टोक 'आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' मध्ये सापडतं. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर आहे आणि परवानाधारक एजन्सीकडून घेतलेला फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं तो सांगतो. हलता न येणाऱ्या माणसांच्या इमारतीत हे किती गंभीर असतं ते भंडाऱ्याने दाखवलं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातल्या आगीत १० बाळं गेली.

मग स्मोक अलार्म कुचकामी का? नाही. बंगल्यात पाच-सहा आजी-आजोबा राहतात, मदतनीस शेजारच्याच खोलीत झोपते, अशा ठिकाणी एकमेकांना जोडलेले अलार्म खूप काही करतात, कारण तिथे ऐकणारी आणि उचलणारी व्यक्ती हाकेच्या अंतरावर आहे. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मात्र बॅटरीची तारीख डबीवर लिहिलेली हवी आणि दहा वर्षांनी डबीच बदलायला हवी. तीन मजली, चाळीस खाटांच्या इमारतीत तीच डबी दाखवून कोणी 'फायर अलार्म आहे' म्हणत असेल, तर ते मान्य करू नये.

भेट द्यायला गेल्यावर दोघींत ओळखायचं कसं? डबीवर 'टेस्ट' असं मोठं बटण आणि भोंग्याच्या चिरा असतील तर बहुतेक तो अलार्म. डिटेक्टर बैठकीत फिरवून बसवलेला असतो आणि त्याचा छोटा दिवा अधूनमधून लुकलुकतो. अनेक ठिकाणी खोलीच्या दारावर बाहेरच्या बाजूला रिस्पॉन्स इंडिकेटरचा लाल दिवाही असतो, म्हणजे व्हरांड्यातून धावणाऱ्याला खोली कळावी. जिन्यापाशी लाल एमसीपी आणि हूटर दिसतात का बघावं. मग सरळ पॅनल दाखवा म्हणावं. त्यावर फॉल्टचा दिवा आहे का, शेजारी झोनची यादी लावली आहे का आणि ती रात्रपाळीच्या मावशींना वाचता येईल अशा मराठीत आहे का, हे पाहावं. शेवटचा फॉर्म बी कधीचा, तेही विचारावं. आणि पॅनल ऑफिसच्या आत कुलपात असेल, तर रात्री त्याची किल्ली कोणाकडे असते?