शांघायिंग

माणसाला फसवून, गुंगीचे औषध पाजून किंवा सरळ उचलून नेऊन जहाजावर खलाशी म्हणून जुंपण्याचा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड, ॲस्टोरिया या बंदरांत तो बोकाळला होता. तिथली जहाजे चीनकडे लांबच्या सफरीला जात, त्यावरून हे नाव पडले असे सहसा मानतात.

१८४९ च्या सोन्याच्या लाटेत सॅन फ्रान्सिस्कोला लागलेल्या जहाजांवरचे खलाशी खाणींकडे पळाले आणि जहाजे बंदरात कुजत पडली. माणसांचा तुटवडा म्हटल्यावर दलाल आलेच. ‘क्रिम्प’ म्हणून ओळखले जाणारे हे लोक बहुधा खलाशांसाठी खानावळी चालवत. किनाऱ्यावर उतरलेल्याला जेवण, दारू, बिछाना उधारीवर द्यायचा. उधारी फुगली की त्याला पुढच्या जहाजावर चढवायचे आणि त्याच्या पगाराची उचल आपण खिशात घालायची. शिवाय कप्तानाकडून माणशी रक्कम मिळे, तिला ‘रक्ताचा पैसा’ म्हणत. दारूत अफू आणि डोक्यात सोटा हे उपाय उधारीने भागले नाही तर. माणूस शुद्धीवर येई तेव्हा किनारा मागे पडलेला असे.

पोर्टलंडमध्ये पर्यटकांना ‘शांघाय बोगदे’ दाखवतात, पण तिथून माणसे पळवल्याचा भक्कम पुरावा नाही. खरे तर बोगद्यांची गरजच नव्हती, कायदाच दलालांच्या पथ्यावर पडणारा होता. करार झालेल्या खलाशाने सफर संपण्याआधी जहाज सोडले तर तो गुन्हा ठरे. १८९५ मध्ये ‘अरागो’ जहाज ॲस्टोरियात सोडून गेलेल्या चौघांना पकडून पुन्हा जहाजावर चढवले. त्यांनी काम नाकारले, तर सॅन फ्रान्सिस्कोत अटक झाली. सक्तीच्या चाकरीवरची घटनात्मक बंदी खलाशांच्या कराराला लागू नाही, असा निकाल १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायमूर्ती हार्लन यांनी तेवढी असहमती नोंदवली.

पगाराच्या उचलीवर १८८४ मध्येच बंदी आली होती, पण दोन वर्षांत तिला पळवाट काढून दिली गेली. १९०६ मध्ये शांघायिंग हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा ठरला. खलाशांचे पुढारी अँड्र्यू फ्युरुसेथ यांच्या चिकाटीमुळे १९१५ च्या कायद्याने जहाज सोडल्याबद्दलची कैदही गेली. तोवर आगबोटींनी शिडाच्या जहाजांची आणि दलालांचीही सद्दी संपवत आणली होती.

आजच्या इंग्रजीत हे क्रियापद बरेच सैल झाले आहे. न विचारता एखाद्याच्या गळ्यात काम मारले तरी ते चालते. ऑस्ट्रेलियात मात्र ‘शांघाय’ म्हणजे पोरांच्या हातातली गलोल. तिचा या धंद्याशी संबंध नाही.