कोळंबीने कधी खावे?

कोळंबी साफ करताना पाठीतून जो काळा धागा काढून टाकला जातो, ते तिचे आतडे असते. मुंबईच्या स्वयंपाकघरात त्याला काही किंमत नाही, पण कोळंबी संवर्धकाला तलावाची खबर त्याच धाग्यातून मिळते. धागा सलग आणि गडद दिसला तर कोळंबी व्यवस्थित खात आहे, तुटक दिसला तर खाणे मंदावले आहे आणि पांढरट दिसला तर आजाराची शंका घ्यावी लागते.

आपल्या बाजारात सागरी कोळंबीच्या शेजारी मिळणारी व्हॅनामेई ही जात मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आज पालघर, रायगडच्या खाडीकाठच्या निमखाऱ्या तलावांतही ती वाढवली जाते. उत्पादनखर्चाचा जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक भाग खाद्यावर जात असल्यामुळे संवर्धकाचे लक्ष साहजिकच खाद्य किती लागले याकडे असते. ते कोणत्या वेळी आणि किती हप्त्यांत दिले, हा प्रश्न मागे पडतो. माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

कोळंबीचे जठर लहान असते आणि खाल्लेले अन्न काही तासांतच आतड्यातून पुढे सरकते. शिवाय ती दाणा माशासारखा गिळत नाही. पायांत धरून कुरतडत खाते. तोवर पाण्यात पडलेल्या दाण्यातून जीवनसत्त्वे, अमिनो आम्ले आणि कोळंबीला आकर्षित करणारा गंध विरघळून जात असतो. म्हणून दिवसाचे खाद्य दोन मोठ्या हप्त्यांत टाकण्यापेक्षा चार किंवा अधिक लहान हप्त्यांत दिले, तर तेवढ्याच खाद्यात वाढ सहसा चांगली होते.

न खाल्लेले खाद्य मात्र तलाव पचवत बसतो. ३५ टक्के प्रथिने असलेल्या १०० किलो खाद्यात सुमारे साडेपाच किलो नायट्रोजन असतो आणि त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भागच कोळंबीच्या शरीरात टिकतो. उरलेल्यापैकी बराचसा विष्ठा, उत्सर्जन आणि कुजलेले दाणे यांतून पाण्यात व गाळात उतरतो आणि त्यातून अमोनिया तयार होतो. दुपारी शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्याचा सामू (pH) वाढतो आणि त्याच अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात जातो. तळाच्या काळ्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, रोग पसरवणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंना आयते पोषण मिळते, आणि कोळंबी तर तळाशीच राहणारी. त्यामुळे थोडे कमी खाद्य दिल्याने होणारे नुकसान भरून काढता येते, पण जास्तीच्या खाद्याने बिघडलेला तळ त्या हंगामात सुधारणे फार कठीण असते.

वेळ ठरवताना प्राणवायूचा विचार आधी करावा लागतो. रात्रभर शैवालासह सगळेच श्वसन करत असल्याने पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी भरपेट खाद्य देणे घातक, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. ढगाळ, पावसाळी दिवसांत तो दिवसाही पुरेसा तयार होत नाही, तेव्हा हप्ता कमी करणे किंवा सरळ चुकवणे शहाणपणाचे ठरते. पाण्याचे तापमान २८ ते ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना कोळंबीची भूक चांगली असते. पाणी गार झाले की ती झपाट्याने घटते, आणि भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकाला हे कळत नाही.

कात टाकण्याचे दिवस आणखी वेगळे. कोळंबी कात टाकते तेव्हा जठराचे अस्तरही, त्यातल्या दळणाऱ्या दातांसकट, बाहेर पडते. साहजिकच त्याच्या आगेमागे ती खात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास अनेक कोळंब्या एकदम कात टाकतात, असे संवर्धक सांगतात आणि त्या दिवसांत खाद्याला हात आखडता घेतात.

कोळंबी प्रत्यक्षात किती खाते हे पाहण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे चेक ट्रे. हप्त्यातले थोडे खाद्य ट्रेमध्ये ठेवून तो तळाशी सोडायचा आणि दीड-दोन तासांनी वर काढून पाहायचा. दाणे उरले असतील तर पुढचा हप्ता कमी होतो, ट्रे लवकर रिकामा झाला असेल तर थोडा वाढतो. मोठ्या प्रकल्पांत आता पाण्याखालचे ध्वनिग्राहक कोळंबीच्या जबड्याची दाणे फोडतानाची टिकटिक ऐकतात आणि ती सुरू असेपर्यंतच स्वयंचलित यंत्र खाद्य सोडत राहते. ही व्यवस्था महाग आहे; लहान तलावाच्या मालकाला चेक ट्रे वेळच्या वेळी तपासणारा भरवशाचा माणूसही तूर्त पुरतो.