चोरांची श्रेणी आणि चोरांची टोळी

फँटसी कादंबरीत किंवा गेममध्ये मोठं शहर आलं की चोरांचं गिल्ड आलंच. आधी उमेदवारी, मग परीक्षा, ठरलेली वर्गणी, गल्ल्यांची वाटणी, आणि सभासद नसताना खिसा कापला तर बोटं तोडणार. इतिहासातही असंच चाले, असं पुष्कळ वाचकांना वाटतं. ते खरं नाही.

गिल्ड म्हणजे आपली श्रेणी, एकाच धंद्यातल्या लोकांची नियमांनी बांधलेली संघटना. ती कशी असते हे बघायला बेळगावकरांना लांब जायला नको. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले, इ.स. १२०४ चे बेळगावचे शिलालेख आहेत. जिनालयासाठी कोणत्या मालावर किती द्यायचं हे व्यापाऱ्यांनी ठरवलं, ते त्यांत कोरलंय. त्या व्यापाऱ्यांत गुजरात आणि मलबारकडचेही होते. नियम दगडावर कोरता आला, कारण त्याला राजाची आणि पेठेची मान्यता होती. चोराला ती कुठून मिळणार? वर्गणी बुडवणाऱ्यावर तो फिर्याद करू शकत नाही, आणि सभासदांची वही सापडली तर सगळेच फासावर.

टोळीचं वेगळं असतं. नातं, ओळख आणि एक म्होरक्या, एवढ्यावर ती उभी राहते. लूट वाटली की पांगते. तिचा खरा खांब म्हणजे चोरीचा माल घेणारा. घड्याळ चोरणं सोपं, ते विकणं अवघड. गिल्डची कथा लिहिणारे हा माणूस कोपऱ्यात बसवतात, तिथेच चुकतात.

लंडनचा जोनाथन वाइल्ड बघा. चोरांकडून माल यायचा आणि हा मूळ मालकाला 'शोधून दिला' म्हणून पैसे घ्यायचा. ऐकेनाशा चोराला तो कोर्टात उभा करी. वाटमाऱ्याला शिक्षा झाली की सरकारी बक्षीस ४० पौंड. चोराला न पकडता माल परत देऊन पैसे घेणं १७१८ च्या कायद्याने गुन्हा ठरलं, आणि २४ मे १७२५ ला वाइल्ड टायबर्नला फासावर गेला. गिल्डच्या सर्वांत जवळ पोचतो तो हाच, पण इथे सभासद कुणीच नव्हतं. एक मालक आणि त्याच्या मुठीतले चोर. स्पेनची 'गार्दुन्या' नावाची गुन्हेगारांची गुप्त संघटना पुराव्यादाखल सांगतात, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचा एकही कागद तिचं नाव घेत नाही.

पैसे भरून चोरीपासून अभय, ही गिल्डची कल्पना मात्र आपल्या गावगाड्यात सापडते, तीही उलट्या बाजूने. रामोशी, जागल्या, आपल्या भागात तळवार, या गावच्या रखवालदारांना गावाकडून हक्क मिळत. त्याबदली चोरी झाली की माग काढायचा. पावलं शिवेपलीकडे गेली की पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हाती माग द्यायचा. ज्याच्या हद्दीत माग तुटला, त्याने चोर द्यावा नाहीतर भरपाई द्यावी. म्हणून शीव ओलांडण्याच्या जागी पावसाने ठसे धुऊन नेले की दोन गावांत भांडण ठरलेलंच.